सीट मिळाल्यानंतरचं काय? कॉलेजातल्या त्या 'सेल'बद्दल थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, ओपनमधून ॲडमिशन झालीय. कॉलेजात आरक्षण आहेच, त्यावर पुन्हा इक्वल ऑपॉर्च्युनिटी सेल (समान संधी कक्ष), ब्रिज कोर्स (पाया भरून काढायचे जादा वर्ग), मेंटॉर, आणि शनिवारी सगळ्यांना सक्तीचं ग्रुप सेशन. हा वेळ आणि पैसा वाया नाही का, आणि अमेरिकेतसुद्धा हे 'डायव्हर्सिटी प्रोग्रॅम' बंद झाले म्हणतात, मग आपण का चालवतोय?

मी २३ वर्षं मेकॅनिकलला शिकवलं. त्यातली ११ वर्षं आधी एससी-एसटी सेल आणि मग त्याचाच मोठा झालेला इक्वल ऑपॉर्च्युनिटी सेल माझ्याकडे होता. होता म्हणजे दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून माझ्या गळ्यात पडला, हेही सांगून टाकतो. सुरुवातीला माझंही मत साधारण तुमच्यासारखंच होतं.

आधी तुमच्या बाजूचं बोलतो. यातला निम्मा प्रकार खरंच वाया जातो. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१२ साली नियम काढले, प्रत्येक संस्थेत असा सेल हवा, भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी हवा, वगैरे. आता नियम आला की आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहितीये. फाईल तयार होते. नॅकची (कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेची) टीम येणार असली की दोन महिने आधी पळापळ, मागच्या पाच वर्षांच्या मीटिंगांची मिनिट्स एका रात्रीत टाईप होतात, एखादे प्रमुख पाहुणे बोलावून शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, 'विविधतेत एकता'वर पाऊण तासाचं भाषण, मागच्या रांगेत पोरं मोबाईलवर, फोटो काढला की संपलं. असलं काही तुमच्या मुलीच्या कॉलेजात चालत असेल तर तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे.

पण माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच एका गोष्टीने, रोल नंबरने. आमच्याकडे ऑफिसमधला क्लार्क ॲडमिशनची यादी मेरिट लिस्टवरून करायचा, आधी ओपनची नावं, मग एकेक कॅटेगरीची. त्याच यादीवरून रोल नंबर पडायचे, रोल नंबरवरून प्रॅक्टिकलच्या बॅचेस, बॅचवरून वर्कशॉपमधले जॉब ग्रुप, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तेच ग्रुप प्रोजेक्टलाही चालू. कुणी ठरवून केलेलं नव्हतं, त्या क्लार्कच्या मनात काही पाप नव्हतं, पण झालं असं की ए बॅच सगळी ओपनची आणि डी बॅच जवळजवळ सगळी रिझर्व्ह्डची. आणि सगळ्या मास्तरांना ते माहीत. व्हायव्हाला डी बॅच आली की एक्झामिनर आधीच खुर्चीत सैल व्हायचा, "चला, लवकर आटपू." मी स्वतः सात-आठ वर्षं त्या बॅचेस घेतल्या आणि माझ्या लक्षात आलं नाही, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. लक्षात आणून दिलं ते एका पोराने. नंदुरबारकडचा होता, घरी वडिलांबरोबर पाण्याच्या मोटारी खोलून परत बसवायचा, हाताला इतका तयार की आमचा लॅब असिस्टंट त्याला विचारायचा. व्हायव्हाला मात्र तोंडातून शब्द नाही. का बोलत नाहीस विचारलं तर म्हणाला, सर, आमच्या बॅचला कोण ऐकतंय.

पुढच्या वर्षी मी रोल नंबर आडनावाच्या अक्षरावरूनही नको आणि मार्कांवरूनही नको, सरळ चिठ्ठ्या टाकून पाडले. खर्च शून्य. एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडला तो दहा भाषणांनी पडला नसता. म्हणून तुम्ही 'डायव्हर्सिटी प्रोग्रॅम' म्हणता तेव्हा माझ्या डोळ्यासमोर बॅनर येत नाही, बॅचची यादी येते.

हे नुसतं माझ्या अनुभवाचं नाही. मॅट लो नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात गावातल्या बाराशेवर पोरांच्या क्रिकेट लीग भरवल्या होत्या. काही टीम एकाच जातीच्या, काही मिसळलेल्या, कोण कुठे जाणार ते चिठ्ठीसारखंच ठरलेलं. जी पोरं वेगळ्या जातीच्या पोरांबरोबर एका टीममधून खेळली त्यांची जातीबाहेरची मैत्री वाढली, पुढे खेळाडू निवडतानाही आपल्याच जातीचा ओढा कमी झाला. पण ज्यांना दुसऱ्या जातीची पोरं फक्त समोरच्या टीममध्ये भेटली त्यांच्यात हे उलटं झालं. म्हणजे नुसतं एका कॅम्पसमध्ये आणून सोडलं की आपोआप सगळं छान होतं, असं काही नसतं. एका सीटसाठी, एका प्लेसमेंटसाठी समोरासमोर उभे केलेत तर कटुता वाढते, एका जॉबवर दोघांना लावलंत, मार्क दोघांना एकत्र मिळणार असतील, तर वेगळं काहीतरी घडतं. आरक्षण मुलांना एका वर्गात आणतं, त्यांना एका टीममध्ये टाकायचं काम कॉलेजाचं. ते कॉलेजाने केलं नाही तर मुलं चार वर्षं एकमेकांकडे स्पर्धक म्हणूनच बघणार.

आपल्याकडे हा विचार नवा नाही, उलट सगळ्यात आधी आपल्याकडेच झाला असं मी म्हणेन. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा ठेवल्या हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याआधीची गोष्ट कमी लोक सांगतात. १८९६ ला कोल्हापुरात सगळ्या जातींच्या मुलांसाठी म्हणून एक वसतिगृह सुरू केलं होतं, दार सगळ्यांना उघडं, आणि थोड्याच वर्षांत तिथे जवळजवळ एकाच जातीची मुलं उरली. नियमात कुठेही बंदी नव्हती बरं का. मग महाराजांनी १९०१ ला मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशी एकेक समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, त्यावरून कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणायला लागले. 'सगळ्यांना दार उघडं आहे' एवढ्याने भागत नाही हे त्या माणसाला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

आणि याच्या पुढची पायरीही आपल्याकडेच. भाऊराव पाटील कोल्हापूरला शिकत होते, जैन बोर्डिंगात राहायचे. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला गेले म्हणून परत आल्यावर त्यांना आंघोळ करून मगच आत ये म्हणाले, त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. त्याच माणसाने १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातींची पोरं एकत्र ठेवली, एकत्र स्वयंपाक, एका पंगतीत जेवण, एकत्र शेतात काम. 'कमवा आणि शिका' म्हणजे नुसती फीची सोय नव्हती, पोरांना एका कामाला जुंपणं होतं. बघा, क्रिकेट टीमचीच गोष्ट, फक्त हातात बॅटऐवजी कुदळ. आणि बाबासाहेबांचं सिद्धार्थ कॉलेज मुंबईत १९४६ ला सुरू झालं तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले, कारण पोरं दिवसा नोकरीला जायची. टाईमटेबल हाही प्रोग्रॅमच असतो, पण कुणी त्याला तसं म्हणत नाही.

आता फाईलबद्दल, कारण सेलचं सगळ्यात कंटाळवाणं आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच आहे. तुमच्या घरी कदाचित याची झळ बसली नसेल म्हणून सविस्तर सांगतो. कॅटेगरीतून आलेल्या मुलाला कास्ट सर्टिफिकेट, मग कास्ट व्हॅलिडिटी (समितीने जातीचा दाखला तपासून दिलेलं प्रमाणपत्र), बऱ्याच जणांना नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, मग महाडीबीटीवर (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर) फॉर्म, बँक खात्याला आधार लिंक. व्हॅलिडिटीसाठी जुना पुरावा लागतो, एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आता मला सांगा, ज्यांचा आजा पालं घेऊन गावोगाव फिरत होता त्याचा १९६१ च्या आधीचा शाळा सोडल्याचा दाखला कुठून आणायचा? शाळेतच गेला नव्हता तो. मग पोरगं लेक्चर बुडवून तहसीलला, तिथून समितीच्या ऑफिसला, चुलत्याच्या गावच्या ग्रामपंचायतीत, आणि वर्गात मास्तर म्हणतात "याची अटेंडन्स बघा, यांना फुकट मिळतं ना." व्हॅलिडिटी मुदतीत आली नाही तर ॲडमिशनच जाऊ शकते. माझ्या अकरा वर्षांत हुशार पोरं नापास होऊन जितकी गेली नाहीत तितकी कागदाच्या पायी जाता जाता वाचली, आणि दोघं-तिघं गेलीही, त्यांची नावं मला आजही पाठ आहेत.

शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येत नाहीत हे तर जुनंच रडगाणं. पहिल्या वर्षाचे पैसे पोरगं दुसऱ्या वर्षात गेल्यावर येतात, तोवर मेसवाला थांबत नाही. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर राहण्या-जेवणाचे पैसे देणारी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी तशीच स्वयं आहे, पण त्या आहेत हे पोराला कोण सांगणार? बापाने कधी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नसतं. तुमच्या मुलीला ही माहिती जेवताना तुमच्याकडून मिळते, त्याला सेलकडून मिळते, एवढाच फरक.

आणि हो, माहिती देतानाही शहाणपण लागतं. आमच्याकडे शिपाई भर वर्गात नोटीस घेऊन यायचा आणि सर मोठ्याने वाचायचे, "एससी, एसटीवाल्यांनी उभं राहा, स्कॉलरशिपचे फॉर्म आलेत." एका मिनिटात साठ मुलांना कळलं कोण कोण ते. त्या दिवसानंतर बेंच बदललेली मी पाहिलीत. आम्ही ते बंद करून प्रत्येकाला वेगळा मेसेज करायला लागलो. हजेरीपटावर नावापुढे कॅटेगरीचा कॉलम होता तो काढायला मात्र मला दीड वर्ष लागलं, का तर "सॉफ्टवेअरमध्ये तसंच येतं सर."

आता तुमच्या शनिवारच्या सेशनकडे येतो, कारण मूळ तक्रार तीच आहे. पूर्वी आमच्याकडे यूजीसीच्या योजनेतून रेमेडियल क्लास, म्हणजे कच्च्या मुलांचे जादा वर्ग, चालायचे, फक्त एससी-एसटी-ओबीसी-अल्पसंख्याकांसाठी, कॉलेज सुटल्यावर. हेतू चांगला, पण कोण येणार तिथे? येणं म्हणजे सगळ्यांसमोर मी कच्चा आहे म्हणून हात वर करणं. पन्नासपैकी सहा पोरं यायची, त्यातली दोन चहासाठी. शिकवायचं काय तर वर्गात झालेलंच पुन्हा, हळू आवाजात आणि जास्त सोपं करून.

मग एका ट्रेनिंगमध्ये मला ट्राइसमन यांचं काम कळलं. उरी ट्राइसमन हे अमेरिकेत बर्कलीला गणित शिकवायचे, १९७० च्या दशकात त्यांनी पाहिलं की कॅल्क्युलसला कृष्णवर्णीय मुलं फार नापास होतात. सगळे म्हणायचे घरचं वातावरण, मेहनतीची सवय नाही, पाया कच्चा. ट्राइसमन यांनी मुलांबरोबर वेळ घालवला, ती अभ्यास कसा करतात ते बघितलं. ही पोरं मेहनती होती, पण एकटी बसून अभ्यास करायची, आपलं चुकतंय की पेपरच अवघड आहे हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. चिनी वंशाची मुलं टोळक्याने बसायची, एकमेकांची गणितं तपासायची, कोणत्या सरांना काय आवडतं तेही एकमेकांना सांगायची. मग त्यांनी रेमेडियल वर्ग काढला नाही, उलट वर्गापेक्षा कठीण गणितं देऊन गटात सोडवायला बसवलं. आणि निकाल बदलला, त्या वर्कशॉपमधली मुलं बाकीच्यांच्या बरोबरीने, कधी पुढेही गेली.

आम्ही तेच उचललं. रेमेडियल हे नावच काढून टाकलं. शनिवारी दोन तास, सगळ्यांना सक्तीचं, चार-चारचे गट चिठ्ठ्या टाकून, एम-वन (पहिल्या सेमिस्टरचं गणित) आणि मेकॅनिक्सची अशी गणितं की एकट्या टॉपरलाही सुटू नयेत. भाषा कुठलीही, मराठीत भांडा, हिंदीत भांडा, शेवटी फळ्यावर इंग्रजीत मांडा. पहिल्या महिन्यात टॉपर मंडळींच्या आयांचे फोन आले, अगदी तुमच्याच शब्दांत, आमच्या मुलीचा वेळ का घालवताय. पण मी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवर कुठली बलं लागतात ते दाखवणारी आकृती) काढताना बोर्डात पंच्याण्णव टक्के पडलेली मुलगी अडकली, कारण तिने कप्पी-दोरी फक्त चित्रात पाहिलेली, आणि शेजारच्या पोराने सांगितलं की दोरीला ताण दोन्हीकडे सारखाच येणार, विहिरीवर बघ ना. त्या पोराला बारावीत पंचावन्न होते. पुढे डेरिव्हेशन तिने त्याला समजावलं. यातून कुणी कुणावर उपकार केले?

म्हणजे ओपनवाल्या मुलांना काय मिळतं याचं उत्तर यातच आलं, तरी एक अभ्यास सांगतोच. दिल्लीत २००७ पासून बऱ्याच महागड्या खाजगी शाळांना गरीब मुलांना घ्यायला लावलं, तेव्हा श्रीमंत मुलांचं काय होतं हे गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने तपासलं. गणित-हिंदीचे मार्क घसरले नाहीत, इंग्रजीत थोडा फरक पडला, खोटं कशाला सांगू. पण रिले रेससाठी जोडीदार निवडायचा होता तेव्हा ज्या मुलांच्या वर्गात गरीब मुलं होती ती, जोरात पळणारं पोरगं गरीब आहे म्हणून त्याला टाळण्याचं प्रमाण खूप कमी. पळणारा बघून जोडीदार निवडणारा माणूस कुठल्याही कंपनीला हवाच असतो की.

मेरिटचा मुद्दा तुम्ही सरळ काढला नाहीत पण ओळींच्या मध्ये आहे, तेव्हा त्यावरही बोलतो. प्रवेशाच्या वेळी मार्कांत अंतर असतं, नाकारायचं कारण नाही. प्रश्न असा की ते अंतर घेऊन आलेली मुलं आत येऊन बुडतात का. आंध्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या आकड्यांवर बाग्डे, एपल आणि टेलर यांचा २०१६ चा अभ्यास आहे, त्यात आरक्षणामुळे वरच्या कॉलेजात गेलेली मुलं तिथे झेपलं नाही म्हणून मागे पडली असं काही दिसलं नाही. माझाही अनुभव असाच, पहिलं दीड वर्ष धोक्याचं, ते निघालं की गाडी रुळावर. बॅकलॉग पडतात ते पहिल्या दोन सेमिस्टरला, पोरं गावी निघून जातात तीही तेव्हाच, एकदा दिवाळीला गेलेलं पोरगं परत येत नाही. म्हणून पैसा आणि माणूसबळ लावायचं तर तिथे लावा. चौथ्या वर्षाला पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा तीन दिवसांचा कोर्स, हा मला कधी कळलेला नाही.

मुलींचं आणि दिव्यांगांचं थोडक्यात. आयआयटीत २०१८ ला मुलींसाठी जादा जागा सुरू केल्या, आधी १४ टक्के, मग २०२० पर्यंत २० टक्के. त्यात मुलांच्या जागा कमी केल्या नाहीत, वाढवून दिल्या. महाराष्ट्रात २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची फी माफ झाली. छानच. पण मेकॅनिकलच्या बिल्डिंगमध्ये लेडीज टॉयलेट दोन मजले वर असेल आणि गर्ल्स हॉस्टेलचं गेट सातला बंद होत असेल जेव्हा लायब्ररी दहापर्यंत उघडी आहे, तर फी माफ करून पोचवलेली मुलगी अर्धंच कॉलेज वापरते. दिव्यांगांना कायद्याने पाच टक्के जागा आहेत, पेपरला तासाला वीस मिनिटं जादा आहेत, पण ड्रॉइंग हॉल तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टची चावी स्टोअरकीपरकडे. आम्ही तो हॉल खाली आणला. बाकी काही केलं नाही.

अमेरिकेचं म्हणाल तर जून २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने हार्वर्डच्या केसमध्ये प्रवेश देताना वंश बघायचा नाही असं ठरवलं. म्हणजे दारावरचा नियम बदलला. परिणाम लगेच दिसला, एमआयटीत पुढच्याच वर्षी आलेल्या बॅचमध्ये कृष्णवर्णीय मुलं साधारण १३ टक्क्यांवरून ५ वर आली. त्यांनी ते चांगलं म्हणायचं की वाईट हा त्यांचा वाद. आपल्याकडे १९५१ मध्ये मद्रासच्या चंपकम दोराईराजन केसमध्ये कोर्टाने असंच काहीसं, जातीनुसार जागा वाटता येणार नाहीत असं, म्हटलं होतं, तेव्हा पहिल्याच घटनादुरुस्तीत मागासांसाठी खास तरतुदीची मुभा देणारं १५(४) कलम आणून संसदेने रस्ता करून ठेवला. त्यामुळे तिकडचा निकाल इकडे चिकटवता येत नाही. आणि बॅच कशी पाडायची, हॉल कुठे ठेवायचा, गणितं गटात सोडवायची की एकट्याने, यावर कुठल्याच देशाच्या कोर्टाने बंदी आणलेली माझ्या तरी ऐकिवात नाही.

तर तुमच्या मुलीला शनिवारी जाऊ द्यायचं का? आधी तिला विचारा तिथे नेमकं काय होतं. स्टेजवर कुणीतरी बोलतंय आणि पोरं ऐकतायत असं असेल तर प्रिन्सिपलकडे लेखी तक्रार करा, मी तुमच्या बाजूने आहे, माझ्या पोरीलाही मी तिथे पाठवलं नसतं. गट पाडून काहीतरी सोडवायला देत असतील तर मग जाऊ द्या, आणि तिच्या गटात कोण कोण आहे तेही विचारा, वर्ष संपेपर्यंत ती नावं तुमच्याही ओळखीची होतील. डबा जरा जास्त द्या, वसतिगृहातल्या पोरांची मेस शनिवारी दुपारी बहुतेक ठिकाणी लवकर बंद होते.